टोकावरची कल्हई

सोल्डर धरलं नाही. सोल्डरची तार सोल्डरिंग आयर्नच्या तापल्या टोकाला टेकली, वितळली आणि तिची एक गोळी झाली. ती गोळी टोकाच्या अंगावर क्षणभर थरथरली आणि टपकन टेबलावर पडून घरंगळत कालच्या आपट्याच्या पानांपाशी जाऊन थांबली. झालं ते एवढंच. दुसरा कुणी असता तर त्याने फुंकर मारून गोळी उडवली असती आणि चहा मागितला असता. सुकदेवने मात्र ती तिथेच राहू दिली. उभा जन्म त्याचा याच दुरुस्तीच्या उद्योगात गेलेला. रेडिओ, टेप, टीव्ही, विहिरीवरच्या मोटारींच्या स्टार्टरमधल्या प्लेटी, देवळाचे भोंगे, बँडवाल्यांचे माइक. धुळ्यातल्या निम्म्या देवपुराचा आवाज माझ्या हातून गेलाय असं तो गमतीने म्हणायचा, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. एवढ्या वर्षांत सोल्डर त्याच्याशी असं कधी रुसलं नव्हतं. त्याने पुन्हा तार लावली. पुन्हा गोळी. या वेळी ती त्याच्या मांडीवर पडली, लेंग्याला बारीक भोक पाडून गेली, आणि चटका बसला तरी तो हलला नाही.

दसरा कालच झाला होता. खंडेनवमीला हत्यारं पूजेत बसली की दसरा उलटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा त्या घरचा नेम. म्हणून मंजुळाबाईचं ऐकायचं मशीन दोन दिवस टेबलावर उघडं पडून होतं. मंजुळाबाई ही त्याची बायको. म्हातारपणाने तिचे कान हळूहळू गेले, आणि मुलाने, हितेंद्रने, तिला पुण्याहून ते मशीन आणून दिलं : काडेपेटीएवढी डबी पदराआड आणि तिथून कानापर्यंत बारीक वायर. नवरात्राच्या साफसफाईत डबी फळीवरून खाली आली आणि मुकी झाली. कंपनीने फोनवर सांगितलं, ते मॉडेल बंद झालं, नवं घ्या. मंजुळाबाईने ते उडवूनच लावलं. घरात कारागीर असताना नवं कशाला, असं ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली; बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. सुकदेवने डबी उघडून भिंगातून बघितलं होतं. वायर जिथे खोचतात त्या सॉकेटच्या एका पायाचा डाग, म्हणजे सोल्डरचा सांधा, तडकला होता, बस्स. एक डाग. तो द्यायला त्याला पूर्वी चुटकीचाही वेळ लागला नसता.

आत्ता ती खाटेवर बसून मेथी निवडत होती, त्याच्याकडे पाठ करून, समोरच्या लोखंडी कपाटाच्या आरशाकडे तोंड. सुकदेवने तिच्या पाठीकडे बघितलं. मग तो बोलला, अगदी सहज, जेवायला काय आहे विचारावं तसा.

"मना हात गया वं, मंजुळा."

पाठ हलली नाही. मेथीची काडी मोडल्याचा तेवढा आवाज आला. हे बोलणं त्याला नवं नव्हतं. मशीन मुकं झाल्यापासून त्याला ही सवयच लागली होती. तिची पाठ दिसली की तो मनातलं बोलायचा. आधी एकदा चुकून तोंडातून गेलं, आणि कुणीच काही म्हटलं नाही तेव्हा इतकं मोकळं वाटलं की मग तो रोजच बोलू लागला. आज पेचकस दोनदा पडला. आज चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला, तुझं लक्ष नव्हतं म्हणून बरं. जळगावला पार्ट आणायला गेलो होतो ना, ते खोटं होतं, डॉक्टरकडे गेलो होतो. डॉक्टर म्हणाला हा कंप आहे, औषध देतो पण जाणार नाही, वाढेल सावकाश. बारीक काम असेल तर आता सोडा. हे सगळं त्याने तिच्या पाठीला सांगितलं होतं. तिच्या तोंडावर सांगायची छाती नव्हती. कारण एकच. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून तिने त्याच्या चेहऱ्याकडे कमी आणि हातांकडे जास्त बघितलं होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं. शेजारणींशी बोलताना ती नवऱ्याचं नाव घेत नसे, 'हातवाले' म्हणे. आता हातवाल्याचे हातच गेले तर उरलं काय? आणि मशीन दुरुस्त झालं तर ही पाठही बंद. दुरुस्त नाही झालं तर तिचे कान कायमचे बंद, आणि तेही त्याच्यामुळे. असा तो दोन्हीकडून कोंडला होता.

कंप होता, हे खरं. पण इतके दिवस तो स्वतःला सांगत होता, कंप असू दे, सोल्डर तर माझं ऐकतंय. डाग देताना हात थरथरला तरी एकदा ते वितळलं की पुढचं काम त्याचं असतं, माणसाचं नसतं. हे त्याला जळगावच्या पंडितभाऊंनी शिकवलं होतं. पंडितभाऊंचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला, एका बोळात. सुकदेव तिथे लागला तेव्हा त्याला मिसरूडही नव्हतं. भाऊंनी पहिल्या दिवशी त्याला काही शिकवलं नाही, नुसतं बघायला बसवलं. एका जुन्या रेडिओच्या पोटात आयर्नचं टोक टेकलं, राळेचा धूर वर आला, देवळात येतो तसा वास, आणि त्या धुराआड करड्या रंगाची तार एकाएकी पाणी झाली. पाणी झाली आणि पळाली! कुणी ढकललं नाही, कुणी ओतलं नाही. तांब्याच्या तारेचा पाय जिथे गरम होता तिथे ते चांदीचं पाणी आपणहून चढलं, पायाला चारी बाजूंनी मिठी मारली, आणि डोळ्यांदेखत गोठलं. गोठतानाही त्याच्या अंगावरून एक सावली सरकत गेली. सुकदेवच्या अंगावर काटा आला होता. आपण काहीतरी देवाचं बघितलं असं त्याला वाटलं, आणि आजवर प्रत्येक डागाला थोडंफार तसंच वाटत आलं. लोक म्हणत, सुकदेवभाऊ, कंटाळा येत नाही का तेच ते करून? तो हसायचा. सूर्य रोज उगवतो म्हणून कुणी त्याला कंटाळतं का, हे काही त्याला लोकांना सांगता आलं नाही.

मग नवं सोल्डर आलं. आधीच्यात कथील आणि शिसं. नव्यात शिसं काढून टाकलेलं, कथिलात चिमूटभर चांदी आणि तांबं. शिसं विषारी, म्हणून नव्या मशीनींतून त्याला हद्दपार केलं, ते योग्यच. पण काय सांगावं, पहिल्या दिवशी सुकदेवला रडू यायचं बाकी राहिलं. हे नवं वितळायलाच तयार नाही, आयर्नच्या तापमानाचा काटा पुढे सरकवावा लागला. वितळलं तरी धावेना, जागेवर अडून बसलं. आणि गोठलं तेव्हा मळकं, राखाडी, चमक नावाला नाही. जुन्या सोल्डरचा मळका डाग म्हणजे कच्चा डाग, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्याने तो डाग पुन्हा तापवला. पुन्हा मळका. पुन्हा तापवला, आणि शेवटी प्लेटीवरची तांब्याची पट्टीच उखडून आली. आपल्याला आता काम येत नाही अशी त्याची खात्री झाली. पंडितभाऊ तेव्हा थकले होते, दुकानात नुसते बसून असत. त्यांनी भिंग लावून तो डाग बघितला आणि म्हणाले :

"सुकदेव, शिशाचं म्हणजे लोणी रे. हे नवं म्हणजे गुळाचा पाक, वेळ साधली तर साधली. आणि चमक नको बघू. पकड बघ."

त्यांनीच मग त्याला दोन बिटं करायला लावली. आयर्नचं पुढचं टोक काढता-घालता येतं, त्याला बाजारात बिट म्हणतात. एक बिट शिशाच्या सोल्डरला, एक बिनशिशाच्या. दोघांच्या डब्या वेगळ्या आणि त्यांची भेट जन्मात होऊ द्यायची नाही. शिशाचं बिट नव्या कामाला लावलं की त्याच्या अंगावरचं शिसं त्यात उतरतं, आणि मग तो डाग दिसायला गोंडस आणि आतून भुसभुशीत निघतो, महिन्या-दोन महिन्यांत तडकतो. आणि बिटाला कधी कानस लावायची नाही. पूर्वीची बिटं अख्खी तांब्याची, ती रोज सकाळी घासून धार काढायची. आताच्या बिटांत तांब्यावर लोखंडाचं पातळ सालपट असतं. ते गेलं की कथील आतलं तांबं खाऊन टाकतं. खातं म्हणजे अक्षरशः खातं, बिटाला खळगा पडतो. एवढंसं मऊ कथील तांब्याला गिळतं, हे ऐकून सुकदेव तेव्हाही थक्क झाला होता. काम संपल्यावर टोकावर सोल्डरचा पातळ थर ठेवायचा आणि मगच आयर्न बंद करायचा, म्हणजे सालपटाला हवा लागत नाही. बाई डोक्यावर पदर घेते तसं, भाऊ म्हणायचे. हे सगळं सुकदेवने इतकी वर्षं असं पाळलं की त्याचा विचारही करावा लागत नसे.

आणि म्हणूनच आत्ता त्याला बिटाची शंका आली नाही. बिट लखलखत होतं. लखलखणाऱ्या बिटावर सोल्डर धरत नाही म्हणजे दोष बिटात नाही, धरणाऱ्यात आहे. त्याचं डोकं इतकं सरळ चाललं. त्याला वाटलं, हात नीट टेकतच नसणार, टोक आणि तार यांच्यामध्ये कंपाचं अंतर राहत असणार, आणि ते आपल्या डोळ्यांना दिसेनासं झालं असणार. म्हणजे डोळेही गेले. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि तिसऱ्यांदा तार लावली. गोळी. वरून खाली पडताना ती एकदा चमकली. किती सुंदर होती मेली! एवढ्या दुःखातही त्याला ते दिसल्यावाचून राहिलं नाही. स्वतःतच मिटलेली, कुणाला न चिकटणारी. त्याला पंडितभाऊंचे शेवटचे दिवस आठवले. त्यांनी आयर्न खाली ठेवला तो एका दुपारी, आणि मग रोज दुकानात येऊन हात मांडीवर ठेवून बसायचे. तेव्हा सुकदेवला ते आळशी झाल्यासारखे वाटले होते. आज त्याला त्या मांडीवरच्या हातांचा अर्थ लागला. ते तसे दाबून धरलेले होते. त्याने आयर्न स्टँडमध्ये ठेवला आणि आपले हात मांडीवर ठेवले.

"काय व्हयनं? धूर काबर नही उना?"

मंजुळाबाई केव्हा उठून मागे येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नव्हतं. तिला आवाज येत नसला तरी नाक शाबूत होतं, आणि या घरात काम चाललं की राळेचा वास यायचा; तो आला नाही म्हणून ती आली. सुकदेवने हात हलवून काही नाही असं दाखवलं. ती ऐकणारी बाई नव्हती, दोन्ही अर्थांनी. तिने टेबलावरच्या गोळ्या बघितल्या. एक उचलून चिमटीत धरली, उजेडाकडे नेली, पुन्हा ठेवली. मग वाकून आयर्नकडे बघितलं. बिट तापून तापून आता लखलखत नव्हतं. त्यावर निळी-काळी झाक चढली होती, जत्रेतल्या तव्याला चढते तशी. ती झाक बघून तिचा चेहरा एकदम चोरी पकडल्यासारखा झाला. तिने बोटांनी घासल्याची खूण केली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात कबूल केलं.

"मीच घासात दोन्ही. चिच नि राख लाईसन."

सुकदेवला आधी समजलंच नाही. मग समजलं तेव्हा सगळंच एकदम समजलं. दरवर्षी खंडेनवमीला तो आपली हत्यारं आपल्या हाताने पुसायचा आणि पाटावर मांडायचा. या वर्षी, हातातून काही पडेल आणि ती बघेल या भीतीने, त्याने खुणेनेच सांगितलं होतं, तूच मांड. आणि तिने मांडलं. आता देवापुढे बसायचं तर अंगावरचा मळ काढूनच. तिने दिवाळीची भांडी घासावीत तशी ती दोन बिटं घासली, चिंच, राख आणि तारेची घासणी घेऊन, आणि त्यांच्या अंगावरचा सोल्डरचा जपलेला पदर काढून टाकून, हळदकुंकू लावून, दोन्ही एकाच वाटीत ठेवून दिली; त्यातलं हाताला लागलं ते त्याने आज, हाताच्याच धास्तीत, न बघता आयर्नमध्ये बसवलं होतं. त्याने ज्या चमकेवर विश्वास टाकला ती घासणीची चमक होती. उघड्या लोखंडाची. ती तापली की हवा खाते आणि काळी पडते, आणि काळ्यावर सोल्डर धरत नाही, हे पंडितभाऊंनी पहिल्या महिन्यात शिकवलेलं. अरे, म्हणजे हात नाही! त्याला हसू आलं. मोठ्याने आलं. मग राग आला, बिटं काय वाटी-चमचे आहेत काय, असं तो ओरडला, आणि ते तिला ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा हसू आलं. मंजुळाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती, हा रडतोय की हसतोय ते न कळून.

हसू ओसरल्यावर त्याने भिंग लावून वाटीतलं दुसरं बिट बघितलं. एका कडेला सालपट पार निघालं होतं, तिथे आतलं तांबं लालसर दिसत होतं. ते संपलं. आयर्नमधलं मात्र काळं असलं तरी अभंग होतं. यातलं शिशाचं कोणतं आणि बिनशिशाचं कोणतं, आता देवालाच ठाऊक. त्याने तसं खुणेने सांगितलं : एक गेलं, एक आजारी. नवं बिट जळगावला मिळेल. धुळ्यात त्या मापाचं मिळत नव्हतं. आणि जळगाव म्हटल्यावर त्याला डॉक्टर आठवला, आणि आनंदावर सावली आली. हात थरथरत होताच की. बिटाचा दोष निघाला म्हणून हाताचा थोडाच गेला होता?

मंजुळाबाई तोवर देव्हाऱ्याकडे गेली होती. तिथे खंडेनवमीच्या पाटावर अजून तिची पूजा मांडलेली होती, दरवर्षीसारखीच, नवऱ्याच्या हत्यारांशेजारी : एक लांब दांड्याची सांडशी आणि कापडात बांधलेला नवसागराचा खडा. तिचा बाप, उखर्डू, अमळनेरला कल्हई करायचा. भाता, कोळसा आणि पोतं घेऊन गल्लोगल्ली फिरायचा, आणि ती लहानपणी भाता ओढायला सोबत जायची. बाप गेल्यावर भाऊबंदांनी बाकी जे काय होतं ते घेतलं, हिने सांडशी आणि नवसागर मागून आणला. इतक्या वर्षांत सुकदेवने त्या खड्याला दरवर्षी हळदकुंकू लागलेलं बघितलं होतं आणि एकदाही त्याबद्दल विचारलं नव्हतं. बायकांच्या माहेरच्या वस्तू असतात, असतात. ती खडा घेऊन आली, टेबलावर ठेवला, आणि या वेळी कधी नाही ती हळू बोलली.

"मी अर्धंच काम करं. मना बाप म्हने, घासीसन सोडी दिधं ते भांडाले हवा खास. घासं का लगेच कल्हई."

कल्हई! आयुष्यभर तो बिटाच्या टोकावर जो पदर ठेवत आला तो दुसरं काय होता? भांड्याचं कथील आणि त्याच्या तारेतलं कथील एकच. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण माहीत असलेली गोष्ट अशी अंगावर कधी आली नव्हती. एका घरात, एका छताखाली, दोघं एकाच धातूची माणसं इतकी वर्षं राहिली. तिने बापाचा खडा देवापुढे ठेवला, त्याने भाऊंच्या डब्या वेगळ्या ठेवल्या, आणि दोघांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्याने मान हलवली. तिने खिडकी उघडली. नवसागराचा धूर कोंडू नये, हे तिला सांगावं लागलं नाही.

त्याने तापलेलं टोक खड्यावर टेकवलं. पांढरा, दाट धूर उठला, नाकात झोंबणारा. मंजुळाबाईने पदर नाकाला लावला, पण डोळे मिटले नाहीत. टोक खड्यावर फिरलं तशी त्याच्यावरची काळी झाक पुसली गेली, खाली करडं, स्वच्छ लोखंड उघडं पडलं. तिने घाई करायची खूण केली. सुकदेवने बिनशिशाची तार लावली. आणि कथील पळालं. गोळी झाली नाही, थांबलं नाही, टोकाच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूला गेलं, आणि सगळं टोक एका श्वासात चांदीचं झालं. मंजुळाबाईच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, तिच्या नकळत. तिच्या डोळ्यांत अमळनेरची गल्ली होती, लाल तापलेलं पातेलं, बापाच्या हातातला कापसाचा बोळा, आणि त्या बोळ्यामागून पातेलंभर पसरत जाणारा उजेड. आणि सुकदेवच्या डोळ्यांत बोळातलं दुकान होतं. पण बघत होती ती दोघं एकच गोष्ट, पेन्सिलीच्या टोकाएवढ्या जागेवर. हे बिट आधी कोणत्या सोल्डरचं होतं ते आता महत्त्वाचं राहिलं नव्हतं. घासून निघाल्यावर त्याला मागचं काही उरलं नव्हतं. ज्याची पहिली कल्हई बसली त्याचं ते झालं. सुकदेवने ते ओल्या स्पंजावर पुसलं, वर पुन्हा नवं सोल्डर दिलं, पुन्हा पुसलं, नवसागराचा अंश राहू नये म्हणून.

आता डाग. सॉकेटचा पाय मोहरीएवढा, त्याला लागून दोन्ही बाजूंना दुसरे पाय. डाग इकडचा तिकडे गेला की मशीन कायमचं संपलं. त्याने भिंग ओढलं, आयर्न उचलला, आणि हाताचा ताबा सुटला. थरथर मनगटापासून निघून टोकापर्यंत गेली. भिंगाखाली टोक मोठं दिसत होतं, त्यामुळे थरथरही मोठी दिसत होती. त्याने आयर्न मागे घेतला. पुन्हा पुढे नेला. पुन्हा मागे. तिच्याकडे बघायचा त्याला धीर होईना. तेवढ्यात त्याच्या मनगटावर तिचा हात पडला. मेथीचा वास असलेला, खरखरीत, भाता ओढलेला हात. तिने मनगट दाबलं नाही. तापलेलं पातेलं सांडशीत धरतात तसं धरलं, पक्कं आणि बेताचं. थरथर तिच्या हातात गेली आणि तिथेच राहिली. टोक स्थिर झालं. त्याने ते पायाला टेकवलं, वेळ साधली, तार लावली. पाक थबकला, मग पायावर चढला, आणि चारी बाजूंनी बसला. शेजारचे पाय कोरडेच राहिले. डाग मळका, राखाडी होता. त्याने भिंगातून त्याची कड बघितली, ती पट्टीवर शेवटपर्यंत पसरली होती. पकड होती.

मनगट अजून तिच्या हातातच होतं. सुकदेवने डाव्या हाताने डबी मिटली, सेल घातला, वायर खोचली आणि वायरीचं टोक तिच्या पुढे केलं. तिने ते कानात बसवलं. डबीची चकती तिने सवयीने फिरवली आणि ती थांबली. बाहेर कुणीतरी बादली आपटली तशी तिने मान वळवली. मग पंख्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. तो वाट बघत होता, आता ती गल्लीत जाऊन हातवाल्यांचं कौतुक सांगणार. ती मात्र तिथेच उभी राहिली, मनगट न सोडता, आणि आपला स्वतःचा आवाज ऐकू येत असल्यामुळे अगदी हलक्या आवाजात म्हणाली,

"आरसामा तुमना व्हट हालेत. रोज. माले दिखे. आते सांगा, इतला दिवस मना पाठमांगे काय म्हनी ऱ्हायनात?"

सुकदेवने कपाटाकडे बघितलं. आरशात खाट दिसत होती, टेबल दिसत होतं, आणि टेबलाशी बसलेला तो स्वतः, स्वच्छ, भिंगासकट, ओठांसकट. त्याला इतक्या दिवसांत एकदाही ते सुचलं नव्हतं. काही नाही म्हणावं असं एकदा मनात आलं. पण मनगट तिच्या हातात होतं आणि त्यातली थरथर ती मोजल्यासारखी धरून उभी होती. तिथे खोटं काय बोलणार? त्याने सांगितलं. शब्द न गिळता, पहिल्यापासून, पेचकस पडला तो दिवस, चहाचा कप, जळगावचा डॉक्टर, तो काय म्हणाला ते, आणि पार्टाचं खोटं. सांगून झाल्यावर शेवटी तेच वाक्य आलं, जे त्याने मघाशी तिच्या पाठीला म्हटलं होतं. या वेळी ते तिच्या तोंडाकडे बघून म्हणायला फार जड गेलं. डबीवरची तिची दोन बोटं तेवढी आवाज वाढवत गेली.

"ऐकू उनं," ती म्हणाली. मग वाटीतलं तांबडं पडलेलं बिट उचलून त्याच्यापुढे ठेवत, "आते जळगावले जाशात तवय मी बी येसू. नवं बिट बी लई येऊत."

तिने मनगट सोडलं आणि ती खाटेकडे गेली. बसली ती मात्र आरशाकडे पाठ करून, त्याच्याकडे तोंड करून. मेथी ठेवलेलं सूप मांडीवर ओढलं. सुकदेवने आयर्न बंद करण्याआधी टोकावर सोल्डरचा पदर दिला, आणि जास्तीचं होतं ते ओल्या स्पंजावर टेकवलं. चर्र झालं, एवढंसं, आणि तिने मान वर केली.